झोपेचा सांधा

परीक्षेचे दिवस आले की आपल्या वस्तीतील चित्र ठरलेले असते. एका खोलीत पाच-सहा माणसे, त्यांत दहावी-बारावीला बसलेले एखादे मूल. रात्री दोन वाजता दिवा चालू, डोळ्यांना पाण्याचा हबका, चहाचा तिसरा कप. सकाळी आई कौतुकाने सांगते, "पोरगं रात्रभर झोपलं नाही." त्याच वस्तीत दुसऱ्या घरी बंगल्यावर रात्रीचा पहारा करून आलेला माणूस सकाळी दहा वाजता झोपलेला असतो. त्याच्याविषयी शेजारी म्हणतात, "दिवसाढवळ्या लोळत पडलाय." म्हणजे न झोपणे हा गुण आणि झोपणे हा दोष, असे आपण नकळत ठरवून टाकले आहे.

ही समजूत कितपत खरी आहे? ऐकीव गोष्ट केवळ परंपरेने आली म्हणून मानू नका, ती तपासून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. झोपेच्या बाबतीतही आपण तसेच करू या. झोप कशी येते, मेंदूतील कोणते भाग ती आणतात आणि कोणते भाग आपल्याला जागे ठेवतात, याची गेल्या शंभर वर्षांत बरीच माहिती मिळाली आहे. ती साध्या शब्दांत समाजबांधवांपुढे आणि विशेषतः विद्यार्थ्यांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

झोप म्हणजे मेंदू बंद पडणे नव्हे

पूर्वी असे समजत की दिवसभर डोळे, कान, त्वचा यांच्याकडून मेंदूला धक्के मिळत राहतात म्हणून आपण जागे असतो. हे धक्के थांबले, की तेल संपलेल्या दिव्यासारखा मेंदू विझतो आणि झोप लागते. जर्मनीतील हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून मेंदूतील विजेच्या लहरी प्रथम टिपल्या आणि १९२९ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यानंतर झोपलेल्या माणसाच्या मेंदूची नोंद घेणे शक्य झाले आणि ही दिव्याची उपमा चुकीची ठरली.

झोपेत मेंदू थांबत नाही. त्याची चाल बदलते. जागेपणी लहरी लहान आणि जलद असतात. झोप गाढ होत जाते तशा त्या मोठ्या आणि संथ होतात. मग साधारण दीड तासाने एक विलक्षण अवस्था येते. मेंदूच्या लहरी जवळजवळ जाग्या माणसासारख्या होतात, मिटलेल्या पापण्यांआड बुबुळे भराभर हलू लागतात, आणि हातापायांचे स्नायू मात्र पूर्ण सैल पडतात. शिकागो येथे असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये ही अवस्था नोंदवली. ठसठशीत स्वप्ने बहुतांशी याच वेळी पडतात. अशी चार-पाच आवर्तने एका रात्रीत होतात. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त असते, पहाटेकडे स्वप्नांची झोप जास्त असते. हे ध्यानात ठेवावे; पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

व्हिएन्नाच्या डॉक्टरांना दिसलेले दोन रोगी

झोपेची जागा मेंदूत नेमकी कोठे, याचा पहिला ठोस धागा एका साथीने दिला. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६-१७ च्या हिवाळ्यात, व्हिएन्ना शहरात मेंदूला सूज येणारा एक विचित्र आजार पसरला. बहुतेक रोगी दिवसेंदिवस झोपून राहत. हलवून उठवले तर उत्तर देत, दोन घास खात आणि खाताखाताच पुन्हा झोपत. थोड्या रोग्यांचे याच्या अगदी उलट होते. ते अतिशय थकलेले असत, पण त्यांना झोप लागत नसे.

कॉन्स्टँटिन फॉन इकोनोमो या डॉक्टरांनी मरण पावलेल्या रोग्यांचे मेंदू तपासले. मेंदूच्या तळाशी, साधारण दोन्ही डोळ्यांच्या मागे खोलवर, हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग असतो. भूक, तहान, शरीराची उष्णता यांची व्यवस्था तोच पाहतो. फार झोपणाऱ्यांच्या मेंदूत हायपोथॅलॅमसचा मागचा भाग आणि त्याला लागून असलेला मेंदूच्या देठाचा वरचा भाग बिघडलेला आढळला. झोप न येणाऱ्यांमध्ये हायपोथॅलॅमसचा पुढचा भाग बिघडलेला होता. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला, की मागच्या भागात जागे ठेवणारी यंत्रणा आहे आणि पुढच्या भागात झोपवणारी. त्या काळी हाताशी साधने किती थोडी होती हे पाहिले म्हणजे त्यांच्या तर्काचे आश्चर्य वाटते. पुढील ऐंशी वर्षांच्या संशोधनाने तो तर्क मुळात बरोबर ठरवला.

जागे ठेवणारे पहारेकरी

अमेरिकेत मोरुझी आणि मॅगून यांनी १९४९ मध्ये दाखवले, की गुंगीत असलेल्या मांजराच्या मेंदूच्या देठातील ठराविक भागाला विजेचा सौम्य स्पर्श केला तर त्याच्या मेंदूच्या लहरी जाग्या प्राण्यासारख्या होतात. म्हणजे जाग ही केवळ बाहेरच्या आवाजाने येत नाही. मेंदूच्या देठातून वर जाणारी एक स्वतंत्र यंत्रणा संपूर्ण मेंदूला जागे ठेवते.

आता आपल्याला ठाऊक आहे की या यंत्रणेत पेशींचे अनेक पुंजके आहेत आणि प्रत्येकाचे रसायन वेगळे आहे. एक नॉरअॅड्रेनलिन सोडतो, दुसरा सेरोटोनिन, तिसरा अॅसिटिलकोलिन. हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागातील एक पुंजका हिस्टामिन सोडतो. सर्दीची किंवा अंगावर पित्त उठल्यावर घेतो ती जुन्या प्रकारची गोळी घेतली की पेंग का येते, याचे कारण येथे सापडते. ती गोळी हिस्टामिनला अडवते. नाकातल्या हिस्टामिनबरोबर मेंदूतल्या हिस्टामिनलाही अडवते, आणि एक पहारेकरी आडवा होतो. अशी गोळी घेऊन गाडी चालवू नये असे डॉक्टर सांगतात ते यासाठीच.

एक मार्ग खुला, दुसरा बंद

मग झोपवणारी यंत्रणा कोणती? हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात पेशींचा एक लहान पुंजका आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात क्लिफर्ड सेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये उंदरांत दाखवले, की या पेशी झोपेत काम करतात आणि त्यांचे धागे थेट जागे ठेवणाऱ्या पुंजक्यांपर्यंत जातात. तेथे त्या 'गाबा' नावाचे रसायन सोडतात. गाबाचे काम शांत करणे. झोपेच्या पुष्कळशा गोळ्या या गाबाचाच परिणाम वाढवतात. आपल्या देशातही या भागावर मोलाचे काम झाले आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत वेलायुधन मोहन कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच परिसरातील पेशी नष्ट केल्यावर उंदरांची झोप घटते, हे प्रयोगांनी दाखवले.

खरी गंमत पुढे आहे. झोपवणाऱ्या पेशी जागवणाऱ्यांना दाबतात, तशाच जागवणाऱ्या पेशी झोपवणाऱ्यांना दाबतात. दोघी एकमेकींना गप्प करतात. लोणावळ्यासारख्या रेल्वेच्या गावात हे समजावून सांगायला फार शब्द लागू नयेत. रुळांचा सांधा एका बाजूला लागला की गाडी त्याच मार्गाने जाते, आणि दुसऱ्या मार्गाचा सिग्नल आपोआप लाल राहतो. दोन्ही मार्ग एकाच वेळी खुले होऊ शकत नाहीत. सांधा अर्धवट राहणे म्हणजे तर अपघातच. मेंदूतील हा सांधा असाच आहे. म्हणून आपण सहसा पूर्ण जागे असतो किंवा पूर्ण झोपलेले असतो, आणि एका अवस्थेतून दुसरीत थोड्याच वेळात जातो. सेपर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ही कल्पना मांडली.

वय वाढते तशा या झोपवणाऱ्या पेशी कमी होतात. ज्या वृद्धांमध्ये त्या कमी उरलेल्या होत्या त्यांची झोप अधिक तुटक होती, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. तेव्हा घरातील आजोबा पहाटे तीनला उठून खोकत बसले तर चिडू नये.

सांध्याचे कुलूप

रेल्वेचा सांधा गाडी जात असताना हलू नये म्हणून त्याला कुलूप असते. मेंदूतही तशी सोय आहे. १९९८ मध्ये संशोधकांच्या दोन गटांना एकाच सुमारास एक नवे रसायन सापडले. एका गटाने त्याला ओरेक्सिन म्हटले, दुसऱ्याने हायपोक्रेटिन. ते तयार करणाऱ्या पेशी हायपोथॅलॅमसच्या बाजूच्या भागात असतात आणि माणसात त्यांची संख्या साधारण पन्नास ते ऐंशी हजारांच्या घरातच असते. या पेशी सगळ्या पहारेकऱ्यांना बळ देतात आणि सांधा जागेपणाच्या बाजूला पक्का धरून ठेवतात.

हे कुलूप तुटले तर काय होते, ते नार्कोलेप्सी या आजारात दिसते. बोलता बोलता, जेवता जेवता माणसाला अनावर झोप येते. काही जण हसू आले की अचानक गळून खाली बसतात. अशा रोग्यांच्या मेंदूत ओरेक्सिनच्या पेशी फारच थोड्या उरलेल्या असतात, हे २००० मध्ये उघड झाले. वर्गात पुन्हा पुन्हा झोपणाऱ्या मुलाला आळशी म्हणून बाकावर उभे करण्यापूर्वी शिक्षकांनी आणि पालकांनी एकदा तरी त्याला डॉक्टरांकडे न्यावे. हा आजार फारसा आढळत नाही, पण त्याचा रोगी आयुष्यभर 'ऐदी' हे नाव घेऊन फिरतो.

ओरेक्सिनच्या पेशी ज्या भागात आहेत, त्याच भागाचा भुकेशी संबंध आहे हे बालकृष्ण आनंद या भारतीय शास्त्रज्ञाने अमेरिकेत ब्रोबेक यांच्यासह १९५१ मध्ये दाखवले होते. पुढे ते दिल्लीच्या आयुर्विज्ञान संस्थेत शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. पोट रिकामे असले की ओरेक्सिनच्या पेशी अधिक जोमाने काम करतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. भुकेल्या प्राण्याने झोपून कसे चालेल? त्याला अन्न शोधायचे असते. उपाशी पोटी झोप लागत नाही, हे आपल्या आज्या-पणज्यांना कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय माहीत होते. गावकुसाबाहेर ज्यांनी पाणी पिऊन रात्री काढल्या त्यांची जाग ही मेंदूने सोडलेली हाक होती. तिला कोणी अभ्यासू वृत्ती म्हणू नये.

थकबाकी आणि घड्याळ

सांधा केव्हा बदलायचा हे ठरते कसे? यासाठी दोन हिशेब चालतात, असे आलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञाने १९८२ मध्ये मांडले.

पहिला हिशेब थकबाकीचा. आपण जागे असतो तितका वेळ मेंदूत अॅडिनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो. जितकी जाग जास्त तितकी थकबाकी जास्त, आणि झोपेतच ती फिटते. चहा-कॉफीतील कॅफिन या अॅडिनोसिनची जागा अडवून बसते. थकबाकी तशीच राहते, फक्त तिची नोटीस आपल्यापर्यंत पोहोचत नाही. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मे बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. रात्री दहाला घेतलेला चहा पहाटे तीनला अर्धा शिल्लक असतो.

दुसरा हिशेब घड्याळाचा. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूच्या तळाशी एकमेकींना ओलांडतात, त्याच्या किंचित वर सुमारे वीस हजार पेशींचे एक घड्याळ आहे. १९७२ मध्ये त्याचा शोध लागला. ते साधारण चोवीस तासांचे असते, पण थोडे मागे पडते. म्हणून रोज ते लावावे लागते, आणि ते लावण्याचे काम उजेड करतो. डोळ्याच्या पडद्यावर काही पेशी अशा आहेत, की त्या चित्र पाहण्यासाठी नसून मुख्यतः उजेडाचे प्रमाण कळवण्यासाठी आहेत. २००२ पासून त्यांची चांगली ओळख झाली आहे. पेशींच्या आतील घड्याळ कसे चालते हे उलगडणाऱ्या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

तुंगार्लीत हे वेगळे सांगायला नको. आषाढात धरणाच्या बाजूने ढग उतरतात, दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही, आणि सगळे गाव पेंगत असते. दिवसाचा उजेड कमी झाला की घड्याळाला दिवस-रात्र नीट कळत नाही. तरीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. ढगाळ दिवशीसुद्धा घराबाहेरचा उजेड घरातील दिव्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. पावसाची उघडीप मिळाली की सकाळी अर्धा तास बाहेर चालून यावे. उलट, रात्री डोळ्यांसमोर धरलेला मोबाइलचा उजेड त्याच घड्याळाला सांगतो, की अजून दिवस मावळलेला नाही.

वयात येणाऱ्या मुलांचे घड्याळ निसर्गतःच उशिराकडे सरकते. रात्री अकराला त्यांना झोप येत नाही आणि सकाळी सहाला उठवत नाही. यात उर्मटपणा नाही. या वयात आठ ते दहा तासांची झोप लागते, मोठ्यांना किमान सात तास.

मोग्गल्लानाची पेंग

येथे आपल्या परंपरेतील एक प्रसंग आठवतो. अंगुत्तर निकायात पचलायमान सुत्त आहे. महामोग्गल्लान मगध देशात एकांतात ध्यानाला बसले असता त्यांना पेंग येऊ लागली. तथागत तेथे आले आणि त्यांनी एकापाठोपाठ एक उपाय सांगितले. ज्या विचाराने पेंग आली तो सोडून द्यावा. ऐकलेल्या धम्माचे मनन करावे. तो मोठ्याने म्हणावा. कानाच्या पाळ्या ओढाव्यात, अंग चोळावे. उठून डोळ्यांना पाणी लावावे, चहूकडे पाहावे, वर ताऱ्यांकडे पाहावे. मनात प्रकाशाची भावना करावी. येरझाऱ्या घालाव्यात.

आजच्या ज्ञानाच्या उजेडात हे उपाय पाहिले की त्यांतील निरीक्षणाचे नवल वाटते. बोलणे, स्पर्श, गार पाणी, प्रकाश, चालणे: यांतील बहुतेक उपाय मेंदूच्या देठातील त्या पहारेकऱ्यांना हलवणारे आहेत. पण सुत्त तेथे संपत नाही. एवढे करूनही पेंग गेली नाही, तर उजव्या कुशीवर सिंहशय्येत झोपावे, आणि उठल्यावर लगेच कामाला लागण्याचा निश्चय मनात धरून झोपावे, असा शेवटचा उपाय तथागत सांगतात. थीनमिद्ध, म्हणजे आळस आणि जडता, हे पाच नीवरणांपैकी एक आहे, हे आपण वंदनेनंतरच्या प्रवचनांत ऐकतो. पण थीनमिद्ध वेगळे आणि शरीराची झोपेची गरज वेगळी. पहिल्याशी झुंजावे, दुसरीला तिचे देणे द्यावे. हाच मध्यम मार्ग.

शंका असेल त्याने मळवली स्टेशनावर उतरून भाजे लेण्यात जाऊन यावे. दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी छिन्नी-हातोड्याने डोंगर कोरला, त्यांनी विहारातील भिक्खूंच्या खोल्यांत निजण्यासाठी दगडी ओटेही कोरून ठेवले आहेत. अखंड जागृतीचा उपदेश करणाऱ्या संघाने झोपेला दगडात जागा करून दिली. ती जागा ऐसपैस नाही, मऊही नाही, पण आहे.

झोपेत होणारा अभ्यास

विद्यार्थ्यांसाठी सर्वांत महत्त्वाचा भाग आता येतो. दिवसभर वाचलेले प्रथम मेंदूच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात तात्पुरते ठेवले जाते, कच्च्या वहीत टिपण करावे तसे. झोपेत ही टिपणे पक्क्या वहीत उतरवली जातात. १९९४ मध्ये विल्सन आणि मॅकनॉटन यांनी उंदरांच्या मेंदूत पाहिले, की दिवसा वाट शोधताना ज्या पेशी एकत्र काम करत होत्या, त्याच पेशी नंतरच्या झोपेत पुन्हा एकत्र काम करत होत्या. जणू उंदीर झोपेत ती वाट पुन्हा गिरवत होता. माणसांवरील अनेक प्रयोगांत, शिकल्यानंतर झोपलेल्यांना न झोपलेल्यांपेक्षा अधिक आठवते असे दिसून आले आहे.

गाढ झोप रात्रीच्या पूर्वार्धात आणि स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त, हे आपण वर पाहिले. आठ तासांची झोप चार तासांवर आणली, तर झोप निम्मी होते एवढ्यावर ते थांबत नाही. पहाटेचा हिस्सा जवळजवळ सगळाच बुडतो. शिवाय दुसऱ्या दिवशी हिप्पोकॅम्पस नवे टिपण नीट घेत नाही. रात्रभर जागून वाचलेला विद्यार्थी कच्ची वही भरतो, पण पक्की कोरीच ठेवून परीक्षेला जातो.

दोन वाजता उठवणारे वडील

यावर कोणी म्हणेल, की बाबासाहेब रात्र रात्र जागले म्हणून आपण येथवर आलो. ते खरे आहे, आणि त्या जागरणाचे ऋण फिटणारे नाही. पण त्यांच्या बालपणाची हकीकत चरित्रांत आहे, ती आपण नीट वाचत नाही. परळच्या चाळीत कुटुंबाला एकच खोली होती. दिवसा अभ्यासाला जागा नाही, शांतता नाही. तेव्हा रामजीबाबा भीमाला संध्याकाळनंतर लवकर झोपवत. स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहत, मग मुलाला उठवत आणि त्याच्या रिकाम्या झालेल्या जागी आपण आडवे होत. चाळ शांत असताना भीम मिणमिणत्या दिव्याशी अभ्यासाला बसे.

आपण या हकीकतीतून दोन वाजताचा दिवा तेवढा उचलला. त्याआधीची झोप विसरलो. मुलगा लवकर झोपला होता. त्याची गाढ झोप झालेली होती, म्हणून दोन वाजता डोके चालत होते. आणि त्या झोपेचे मोल एका बापाने आपल्या जागरणाने चुकते केले. रामजीबाबांनी मुलाला जागायला शिकवले, हे जितके खरे, तितकेच त्यांनी त्याची झोप राखली, हेही खरे. आज पालकांनी अनुकरण करायचे असेल तर ते याचे करावे. मुलगा झोपला असताना टीव्हीचा आवाज बंद करणे, एका खोलीच्या घरात दिवा लवकर मालवणे, हाही शिक्षणाला लावलेला हातभार आहे.

आपण काय करावे

विद्यार्थ्यांनी रोज एकाच वेळी झोपावे आणि एकाच वेळी उठावे. रात्री वाचायचे की पहाटे, हे घरातील सोयीप्रमाणे ठरवावे, पण झोपेचे तास पुरे करावेत. परीक्षेच्या आदल्या रात्री तरी निश्चितच. दुपारनंतर चहा टाळावा. सोसायटीची अभ्यासिका रात्री दहाला बंद होते म्हणून कुरकुर करण्यापूर्वी या लेखाची आठवण ठेवावी.

रात्रपाळी करणाऱ्या बांधवांची अडचण खरी आहे. बंगल्यांवरील पहारेकरी, हॉटेलांतील कामगार, रेल्वेचे कर्मचारी, दवाखान्यातील आया, या सर्वांची थकबाकी सकाळी झोप मागत असते आणि घड्याळ जागे राहा म्हणत असते. म्हणून त्यांची दिवसाची झोप हलकी आणि तुटक होते. त्यांना अंधारी, शांत जागा द्यावी. खिडकीला जाड कापड लावले तरी फरक पडतो. मुले-माणसे आणि शेजारी यांनी त्या चार-सहा तासांचा मान राखावा.

वाहन चालवणाऱ्यांना एक कळकळीची विनंती आहे. सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाचे भान आणि चपळाई, बऱ्यापैकी दारू प्यायलेल्या माणसाइतकी मंदावते, असे प्रयोगांत दिसले आहे. फार थकलेल्या मेंदूत सांधा क्षणभर आपोआप झोपेकडे जातो. ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांच्या डुलकीत जवळजवळ सत्तर मीटर पुढे जाते, चालकाविना. द्रुतगती महामार्गावर पहाटे डोळे जड झाले तर सुरक्षित जागी गाडी थांबवून वीस मिनिटे झोपावे. मोग्गल्लानाला सांगितलेला शेवटचा उपाय तोच होता.

झोप येत नाही म्हणून दारू घेणाऱ्यांनी जाणून घ्यावे, की दारूने डोळा लवकर लागतो खरा, पण रात्रीचा उत्तरार्ध तुटतो आणि स्वप्नांची झोप घटते. पंचशीलातील पाचव्या शिलाला हे आणखी एक कारण. झोपेच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नयेत. जोराने घोरणाऱ्या आणि मध्येच श्वास अडकणाऱ्या माणसाला हसण्यावारी नेऊ नये. त्याला तपासणीला न्यावे.

शेवटी आपल्या माता-भगिनींविषयी. घरात सर्वांत शेवटी कोण झोपते आणि नळाला पाणी आले की सर्वांत आधी कोण उठते, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्याच घरात पाहावे. समतेची भाषा आपण सभेत बोलतो. झोपेचे तास घरात समान वाटले गेले आहेत का, हा प्रश्नही समतेचाच आहे. पहाटेची एक घागर मुलाने किंवा नवऱ्याने भरली, तर त्या माउलीची पहाटेची झोप वाचेल.

जागे होणे हा आपल्या चळवळीचा शब्द आहे, आणि बुद्ध या शब्दाचा अर्थच जागृत असा आहे. ती जागृती विचारांची आहे. ती टिकवायला डोके ताजे लागते, आणि ते ताजे करण्याचे काम मेंदूतील काही मूठभर पेशी रोज रात्री बिनबोभाट करत असतात. त्यांना त्यांचे काम करू द्यावे.

जयभीम. नमो बुद्धाय.